सोलापूरचा ढग आणि गेमिंगचं कार्ड

सोलापुरात आभाळ भरून येतं आणि पाऊस मात्र पुढे निघून जातो, ही तक्रार जुनीच आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आल्यावर दुसरं काय होणार! म्हणून तर पुण्याच्या आयआयटीएमने (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था) २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात कृत्रिम पावसाचा प्रयोग इथे केला. २७६ ढग घेतले. कुठल्या ढगात विमानातून कॅल्शियम क्लोराइडचे कण सोडायचे आणि कुठला तसाच ठेवायचा, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. कण सोडलेल्या ढगांच्या वाऱ्याखालच्या सुमारे १०० चौरस किलोमीटर पट्ट्यात सरासरी १८ टक्के पाऊस जास्त मिळाला.

इतके ढग लागले, कारण एकाच ढगावर कण सोडूनही बघायचं आणि न सोडताही बघायचं, हे निसर्गात जमत नाही. संगणकात जमतं. तीच हवा, तोच ओलावा, एकदा कणांसकट आणि एकदा कणांविना. अडतं ते वेळेपाशी.

हिशोब मांडून बघू. सोलापूरभोवतीचा २०० बाय २०० किलोमीटरचा भाग घ्या, ५०० मीटरचे चौकोन पाडा, उंचीचे १०० थर धरा. झाले १ कोटी ६० लाख डबे. प्रत्येक डब्यात तापमान, वारा, बाष्प, थेंब असे तीसेक आकडे. घड्याळ तीन-तीन सेकंदांनी पुढे सरकवायचं, म्हणजे आभाळातल्या एका तासासाठी हे सगळे डबे १२०० वेळा नव्याने मोजायचे. आता चौकोन २५० मीटरचे केले तर डबे चौपट होतात, आणि डबा लहान झाला की घड्याळाचं पाऊलही आखूड टाकावं लागतं, नाहीतर गणित फुटतं. काम थेट आठपट. पाऊल आखूड करण्याचा हा नियम कुरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी या गणितज्ञांनी १९२८ मध्ये मांडला, आजच्यासारखे संगणक येण्याच्या कितीतरी आधी.

इथे ग्राफिक्स कार्ड, म्हणजे जीपीयू, कामाला येतं. सीपीयू म्हणजे संगणकाची मुख्य चिप; तिचे कोअर, म्हणजे हिशोब करणारे भाग, मोजकेच, पण कुठलंही काम अंगावर घेणारे कसबी कारागीर. जीपीयू म्हणजे टॉवेलच्या कारखान्यातली मागांची रांग: सगळ्यांवर डिझाइन एकच, सूत वेगळं. आरटीएक्स ३०६० या साध्या गेमिंग कार्डात असे ३५८४ कोअर आहेत. पडद्यावरचे लाखो ठिपके एकाच सूत्राने रंगवण्यासाठी बनलेली ही चिप. २००७ मध्ये ही कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियाने कुडा ही प्रोग्रॅमिंगची सोय बाजारात आणली आणि तिच्यावर सरळ गणितं चालवणं सोपं झालं.

माझ्या मते कोअरच्या आकड्याचं कौतुक जरा जास्तच होतं. हवामानाच्या कोडमध्ये बेरीज-गुणाकार थोडे आणि मेमरीतून आकडे आणणं-नेणं फार. या कार्डाची मेमरी सेकंदाला ३६० जीबी पुरवते. घरच्या पीसीची साधारण ५० जीबी. खरा फायदा तिथे आहे. मात्र दर पावलाला आकडे कार्डातून बाहेर काढून सीपीयूकडे पाठवले आणि परत आणले, तर कमावलेलं सगळं त्या ये-जा करण्यातच जातं.

आणि मग सोलापूरचं आभाळ स्वतःच खोडा घालतं. एनव्हिडियाच्या कार्डात थ्रेड, म्हणजे एकेका डब्याचा हिशोब करणारे धागे, ३२-३२ च्या गटाने चालतात, त्या गटाला वॉर्प म्हणतात. गटातल्या सगळ्यांना एका वेळी एकच हुकूम. समजा ३२ पैकी एका डब्यात ढग आहे आणि बाकी ३१ कोरडे. थेंब कसे जुळतात, कधी खाली येतात, याचं लांबलचक गणित त्या एका डब्यासाठी चालतं आणि ३१ थ्रेड हात बांधून बसतात. सलग ढगाळ आभाळाला हा त्रास कमी. आपल्याकडचे सुटे, विखुरलेले ढग म्हणजे जीपीयूची डोकेदुखी. उपाय एक आहे: ओले डबे आधी वेचून एका यादीत घ्यायचे आणि ते गणित फक्त त्या यादीवर चालवायचं. त्यासाठी कोड उसवून पुन्हा लिहावा लागतो. स्वित्झर्लंडच्या हवामान खात्याने २०१६ पासून आल्प्सचा रोजचा अंदाज १.१ किलोमीटरच्या चौकोनांवर जीपीयूने काढायला सुरुवात केली, पण त्याआधी काही वर्षं फोरट्रान या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या कोडची दुरुस्ती चालली होती.

अर्धवट दुरुस्ती फारशी कामाची नाही. दहातला एक भाग जरी सीपीयूवर एकामागून एक चालत राहिला, तरी कार्ड कितीही भारी घ्या, एकूण वेग दहापटीच्या वर जात नाही. संगणक-अभियंता जीन ॲमडालने हे १९६७ मध्येच दाखवून दिलं. तेव्हा पैसे कार्डावर घालण्याआधी प्रोफायलर, म्हणजे कोडचा कुठला भाग किती वेळ घेतो ते मोजणारं साधन, चालवून कुठला लूप (पुन्हा पुन्हा चालणारा तुकडा) वेळ खातोय ते बघावं.

अख्खा जिल्हा हवाच असंही नाही. एकाच ढगापुरता २० किलोमीटरचा चौकोन, १०० मीटरचे डबे, १५० थर: ६० लाख डबे. तीस आकडे, प्रत्येकी चार बाइट, म्हणजे पाऊण जीबीच्या आत. मधल्या हिशोबासाठी आणखी चारपट जागा धरली तरी १२ जीबीच्या कार्डात आरामात बसतं. अट एवढीच, की हिशोब सिंगल प्रिसिजनमध्ये, म्हणजे चार बाइटच्या आकड्यांत, ठेवायचा. डबल प्रिसिजनला, म्हणजे आठ बाइटच्या आकड्यांना, हे गेमिंग कार्ड ६४ पट मंद चालतं. तेवढं पाळलं, तर सोलापुरातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांना हॉस्टेलच्या खोलीत एकच ढग कणांसकट आणि कणांविना, ओलावा थोडा थोडा बदलत, पुन्हा पुन्हा चालवून बघता येईल.