फळीवरची छोटी लाईन

नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज गाडी २०१५ च्या अखेरीस बंद झाली, नागपूर-नागभीड २०१९ च्या नोव्हेंबरात. या गाड्यांच्या खिडकीत ज्यांचं बालपण गेलं, त्यांना ती इंजिनं आता मोतीबागेतल्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात पाहायला मिळतात. दुसरा मार्ग म्हणजे ही छोटी लाईन घरीच टाकायची. खेळण्यातल्या रेल्वेचा छंद करू पाहणाऱ्या नागपूरकरासाठी त्यातलं गणित अगदी आयतं जुळून आलं आहे.

मॉडेल रेल्वेत जगभर सर्वांत जास्त चालणारं प्रमाण ‘एचओ’, म्हणजे खऱ्या वस्तूचा ८७ वा भाग. याच्या दोन रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर. युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरच्या गेजला, म्हणजे खऱ्या रुळांमधल्या अंतराला, ८७ ने भागलं की हाच आकडा येतो. आपली ब्रॉडगेज मात्र १६७६ मिलिमीटर, भागाकार १९ च्या पुढे जातो. म्हणून एचओच्या रुळांवर ठेवलेलं भारतीय ब्रॉडगेजचं इंजिन जाणकाराला थोडं अवघडून उभं राहिल्यासारखं दिसतं. नॅरोगेजचं तसं नाही. आपल्या छोट्या लाईनचा गेज ७६२ मिलिमीटर; ७६२ भागिले ८७ म्हणजे ८.७६, आणि ‘एन’ या धाकट्या प्रमाणाचे रूळ ९ मिलिमीटरचे तयार मिळतात. पाव मिलिमीटरचा फरक कोणाच्या डोळ्यांत येणार? एन प्रमाणाच्या इंजिनाचा मोटरसकट सांगाडा घ्यायचा आणि त्यावर पुठ्ठ्याची किंवा प्लास्टिक शीटची बॉडी एचओच्या मापाने चढवायची. या रुळांना २५ सेंटिमीटर त्रिज्येचं वळण चालतं, त्यामुळे दोन फूट रुंदीच्या फळीवर पूर्ण फेरा बसतो. एचओच्या नेहमीच्या वळणांना तीन फुटांहून जास्त रुंदी लागते. दोन-तीन खोल्यांच्या घरात हा फरक फार मोठा आहे.

गाडी लहान केली म्हणून सगळंच ८७ पट लहान होत नाही, आणि या छंदातली खरी मौज मला इथेच वाटते. लांबी ८७ पट कमी होते, पृष्ठभाग ७५६९ पट आणि आकारमान ६,५८,५०३ पट. नागपूरच्या अजनी शेडमधलं डब्ल्यूएपी-७ हे विजेवरचं इंजिन १२३ टनांचं. त्याच हिशेबाने मॉडेलचं वजन १८७ ग्रॅम भरायला हवं, साधारण एका मोबाइलएवढं. एवढ्याशा वजनाने चाकांची रुळावरची पकड कमी पडते. म्हणून मॉडेलच्या पोटात धातूचे ठोकळे बसवून वजन वाढवलेलं असतं.

वेगाचं गणित सोपं आहे. ताशी १०० किलोमीटरचं लघुरूप सेकंदाला ३२ सेंटिमीटर. नवखी मंडळी याच्या कितीतरी पुढे गाडी पळवतात. खरी गाडी ब्रेक लावल्यावरही लांबवर जाते. मॉडेल मात्र वीज तोडली की जागच्या जागी थांबतं, कारण बहुतेक इंजिनांत मोटर आणि चाकं यांच्यामध्ये वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारख्या दांड्याने दातेरी चाक फिरवणारी जोडणी असते. मोटर त्यातून चाकं फिरवू शकते, पण चाकांना मोटर फिरवता येत नाही. म्हणून चांगल्या इंजिनांत मोटरच्या दांड्यावर पितळेचं जड फ्लायव्हील, म्हणजे मोटरबरोबर फिरणारं चाक असतं. त्याच्या फिरण्यात साठलेली ऊर्जा गाडीला हळूच थांबवते, आणि रुळावर एखाद्या जागी वीज मिळाली नाही तरी पुढे ढकलून नेते.

आता वळण. रेल्वेची दोन चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवलेली असतात, दोन्हींचे फेरे सारखेच होतात. पण वळणावर बाहेरचा रूळ लांब असतो. मग बाहेरचं चाक मागे का पडत नाही? घरी करून बघा. चहाचे दोन कागदी कप तोंडाला तोंड लावून चिकटपट्टीने जोडा आणि दोन समांतर काठ्यांच्या उतारावर सोडा. मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळती झालेली ही जोडी तिरकी सोडली तरी स्वतःला मध्यावर आणते. आता कपांचे बूड एकमेकांना चिकटवून तेच करा, जोडी लगेच काठ्यांवरून उतरते. रेल्वेची चाकंही पहिल्या जोडीसारखी आतल्या बाजूला किंचित जाड असतात. वळणावर जोडी बाहेर सरकते, बाहेरचं चाक जाड भागावर आणि आतलं बारीक भागावर चालतं, आणि एकाच फेऱ्यात बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं.

हा फरक तरी किती? एक पूर्ण वर्तुळ घेतलं तर दोन्ही रुळांच्या लांबीतला फरक २π गुणिले रुळांतलं अंतर. १६.५ मिलिमीटरला तो साधारण १०.४ सेंटिमीटर येतो, ९ मिलिमीटरला ५.७. त्रिज्या या सूत्रात कुठेच नाही! गोल तुमच्या फळीवर टाका किंवा फुटाळा तलावाला वळसा घाला, फरक तेवढाच. मात्र फळीवर तो मीटर-दीड मीटरच्या फेऱ्यात भरून काढायचा असतो. चाकांचा तिरपेपणा त्याला पुरत नाही, चाकं थोडी घसरतात, त्यांची कड रुळाला घासते. वळणावर जास्त डबे असले की गाडी का मंदावते, ते यातून कळतं. इंग्रजी आठच्या आकड्यात मात्र एक वळण डावं, एक उजवं. दोन्ही फरक एकमेकांना खोडतात आणि पूर्ण फेरीत दोन्ही रूळ सारख्याच लांबीचे होतात. जर्मनीच्या मार्कलिन कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत मांडलेली रेल्वेही आठच्याच आकड्याची होती.

आठचा आकडा सपाट फळीवर करायचा तर रुळावरून रूळ जातो, म्हणजे डायमंड क्रॉसिंग लागतं. शहरातच खऱ्या रेल्वेचं असं क्रॉसिंग असलेल्या नागपूरकराला त्याची ओळख करून द्यायला नको. फक्त इथे रुळांतून १२ व्होल्टचा डीसी प्रवाह वाहतो. एक रूळ धन, दुसरा ऋण, आणि ही टोकं उलटी केली की गाडी उलटी जाते. त्यामुळे क्रॉसिंगमध्ये धन रूळ ऋण रुळाला टेकता कामा नये. तयार क्रॉसिंगमध्ये ती सोय आतच केलेली असते, ते विकत घेणंच बरं.

नागपूरची हवा या छंदाची परीक्षा बघते. चांगले रूळ जर्मन सिल्व्हरचे, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्ताच्या मिश्रणाचे असतात. तापमान ३० अंशांनी वाढलं तर असा मीटरभर रूळ साधारण अर्धा मिलिमीटर लांबतो. डिसेंबरात जोड घट्ट बसवले तर नवतप्यात रूळ वाकायला बघतात. त्यामुळे जोडात बारीकशी फट ठेवावी. प्लायवूड मात्र उन्हापेक्षा कूलरच्या आणि पावसाळ्याच्या ओल्या हवेने जास्त हलतं. फळीच्या दोन्ही बाजूंना आणि कडांनाही रंग द्यावा. धूळ आणि ठिणग्यांमुळे रुळावर काळा थर चढतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या सुती कापडाने पुसून जातो. सँडपेपर लावू नये, त्याच्या ओरखड्यांत पुढची घाण आणखी घट्ट बसते.

आणि गाडी फळीच्या लांबच्या टोकाला दर वेळी मंदावत असेल, तर इंजिन उघडण्याआधी गाडी चालू ठेवून तिथल्या रुळांवर मल्टिमीटर लावा. रुळांना वीज देणाऱ्या अडॅप्टरजवळच्यापेक्षा व्होल्ट स्पष्टपणे कमी दिसले, तर दोष सहसा दोन रूळ जोडणाऱ्या सैल पट्टीचा, म्हणजे फिशप्लेटचा असतो. त्या टोकाला रुळांच्या खालून वेगळी वायर सोल्डर करून दिली की काम होतं.