पिंजऱ्यानं शिकवलेला चावा

नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांच्या ओसरीवर पोपटाचा पिंजरा टांगलेला असायचा. आमच्याकडेही होता. पाहुण्यांच्या पोरानं गजांतून बोट घातलं की रक्त निघायचं आणि मोठी माणसं म्हणायची, मिरच्या खाऊन तिखट झालाय. भिवापुरी मिरची तो आवडीनं खायचा हे खरं. पण मिरचीतला जो घटक आपली जीभ जाळतो, तो पक्ष्यांना झोंबतच नाही. चाव्याचं कारण वेगळंच होतं.

चौसष्ट कलांमध्ये 'शुकसारिकाप्रलापन', म्हणजे पोपट-मैनेला बोलायला शिकवणं, ही एक कला मोजली आहे. इतका जुना हा नाद. तरी कुत्रा किंवा कोंबडी जशी पिढ्यान्‌पिढ्या माणसाजवळ वाढून माणसाळली, तसं आपल्या हिरव्या पोपटाचं झालं नाही. दर वेळी नवं पिल्लू झाडाच्या ढोलीतून काढून आणायचं. म्हणजे पिंजऱ्यातला प्रत्येक पोपट रानातलाच.

रानात पोपटाला कुणी नकोसं झालं तर तो अंग आखडतो, पिसं फुलवतो, चोच उघडून दाखवतो आणि शेवटी उडून जातो. चावायची वेळ क्वचितच येते. पिंजऱ्यात, त्यातून पंख कापलेले असले तर, उडून जाणंच संपतं. तो आधीच्या सगळ्या खुणा करून पाहतो, आपलं लक्ष नसतं, हात पुढे येतो. मग तो चावतो आणि हात झटकन मागे जातो. ते त्याच्या पक्कं ध्यानात राहतं. पुढच्या वेळी तो खुणा करत बसत नाही.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९०-९१ मध्ये भारतीय पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आली. आता हिरवा पोपट घरात ठेवणं गुन्हा आहे, आणि मला ते योग्यच वाटतं. त्याच्या जागी परदेशी पक्षी आले: कॉकाटील, आफ्रिकेतले लव्हबर्ड आणि बजी, म्हणजे बजरीगर. बजीलाच आपल्याकडे सर्रास लव्हबर्ड म्हणतात, पण तो मूळचा ऑस्ट्रेलियाचा. पक्षितज्ज्ञ जॉन गूल्ड यांनी १८४० मध्ये तो जिवंत इंग्लंडला नेला आणि त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या त्याची पैदास पिंजऱ्यात होत आली. म्हणून तो तुलनेनं मवाळ. तरी भीती तीच, चोच तीच.

चोच म्हणजे पोपटाचा तिसरा पायच. हातावर चढण्याआधी तो चोचीनं बोट धरून आधार पक्का आहे का ते बघतो. तेवढ्यात आपण दचकून हात ओढला की तो आणखी घट्ट पकडतो. हात स्थिर ठेवावा. चावलाच तर ओरडू नये, चोचीवर टिचकी तर मुळीच मारू नये. शांतपणे त्याला दांडीवर ठेवावं. मग काही दिवस हाताऐवजी काडी पुढे करावी, चोच लावली की सूर्यफुलाची एक बी द्यावी. मागे सरकला तर तिथेच थांबावं. त्याचा नकार चाव्याविना मानला गेला, की चावण्याचं कारणच उरत नाही.

विणीच्या दिवसांत, झोप अपुरी असताना किंवा मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेल्यावर चोच उघडी टाकून धापा टाकणाऱ्या पक्ष्याला हात लावूच नये. पिंजरा सावलीत, हवेशीर जागी हलवावा. आणि रोज खांद्यावर बसणारा पक्षी एकाएकी चावू लागला, तर त्याला बहुधा कुठेतरी दुखतंय. त्याला पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्यावं.