काळी खपली आणि तांबडा गंज

नवा हॉट रोल्ड, म्हणजे तापवून रोलखाली लाटलेला, लोखंडी पत्रा निळसर काळा, गुळगुळीत दिसतो. रत्नागिरीत फाटक करून घेणारे हमखास म्हणतात, "अहो, कोरा माल आहे, गंजाचा ठिपका नाही. घासताय कशाला? थेट रंग मारा." पण तो काळा रंग लोखंडाचा नव्हेच. ती खपली, म्हणजे मिल स्केल.

खपली आणि गंज ही दोन्ही लोखंड आणि ऑक्सिजनच्या संयोगातूनच होतात, म्हणून घोळ होतो. गंजाला पाणी लागतं, खपलीला आग. स्लॅब, म्हणजे ज्यातून पत्रा लाटतात ती जाड लादी, भट्टीत साधारण 1,200 अंश सेल्सिअसला तापते तेव्हा तिच्यावर लोखंडाच्या ऑक्साइडचे तीन थर चढतात: आत वुस्टाइट, मध्ये मॅग्नेटाइट, वर हेमाटाइटचा पातळ पापुद्रा. रोलिंगआधी पाण्याच्या जबरदस्त फवाऱ्याने ते उडवतात. पण पत्रा तापलेला असेपर्यंत नवी खपली धरतच राहते, आणि शेवटी काही मायक्रॉनची आपल्या दारात येते.

फवाऱ्यातून निसटलेला तुकडा रोलखाली सापडला तर पत्र्यात रुततो, आणि निघाला की खळगा राहतो. लोक त्यालाही गंजाचा खड्डा म्हणतात. नीट पाहा: रुतलेल्या खपलीची खूण बहुधा रोलिंगच्या दिशेने ओढल्यासारखी लांबट असते. गंजाचा खड्डा वेडावाकडा, त्यात भुसभुशीत तांबडी भुकटी, बोटाला लागणारी. घट्ट खपली बोटाला लागत नाही, पण पत्रा वाकवला की तिच्या कपच्या उडतात.

आपल्या किनाऱ्यावर खरा धोका या कपच्यांचाच. ठिसूळ खपलीला चिरा जातात, त्यात खारं दमट वारं शिरतं. मग बॅटरीसारखी जोडी जमते: खपली कॅथोड, म्हणजे न झिजणारी बाजू होते, आणि चिरेतलं उघडं लोखंड ॲनोड, म्हणजे झिजणारी. खपली पसरलेली मोठी, चीर एवढीशी, त्यामुळे सगळा मार त्या चिरेवर बसतो आणि खड्डा खोल जातो. म्हणजे जिला आपण संरक्षण समजतो तीच गंजाला हात देते.

पावसाळ्यानंतर सुटलेली रंगाची पापडी उलटी करून बघा. मागची बाजू काळी असेल तर रंगाला दोष देऊ नका. रंग खपलीला धरून होता, खपली लोखंडाला नव्हती.

वायर ब्रशने सुटा गंज निघतो, पण घट्ट खपली नुसती चकाकते. ती काढायला सँड ब्लास्टिंग (जोराचा वाळूचा मारा) किंवा ॲसिडचं पिकलिंग (ॲसिडमध्ये बुडवून खपली विरघळवणं) हवं, लहान कामाला ग्राइंडरवर फ्लॅप डिस्क, म्हणजे पॉलिश पेपरच्या पट्ट्यांची चकती. आणि प्रायमर त्याच दिवशी मारा. उघडं पडलेलं लोखंड इथल्या दमट हवेत रात्रभर ठेवलं, तर सकाळी तांबूस झालेलं दिसेल, आणि तो मात्र खरोखरचा गंज.