पार्श्वभूमी: ‘एक नंबर थंड’ प्लगचा आग्रह आला कुठून

रिमॅप केलेली, म्हणजे इंजिनाच्या संगणकातला मॅप बदलून ताकद वाढवलेली टर्बो (हवा दाबून भरणारी) गाडी सोलापुरातल्या गॅरेजमध्ये उभी राहिली की स्पार्क प्लग कोणता टाकायचा यावर दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘एक नंबर थंड टाका,’ म्हणजे उष्णता लवकर सोडणारा. दुसरा म्हणतो, ‘कंपनीचाच ठेवा, उगाच मिसिंग (ठिणगी चुकणं) लावून घेऊ नका.’ टर्बो अलीकडची असली तरी हे भांडण कार्ब्युरेटरच्या काळापासून चालत आलेलं आहे.

फार मागे जायचं कारण नाही. इंजिनांचं कॉम्प्रेशन वाढत गेलं तसा एकच प्लग सगळीकडे चालेना, म्हणून प्लगच्या पांढऱ्या इन्सुलेटरच्या नाकाची लांबी कमीजास्त करून हीट रेंजचे, म्हणजे गरम-थंडपणाचे, टप्पे पडले. नाक आखूड असेल तर उष्णता लवकर इंजिनाच्या हेडमध्ये उतरते. प्लगचं टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या खाली राहिलं तर काजळी जळत नाही. ८५० च्या बरंच वर गेलं तर ठिणगीआधीच मिश्रण पेटू लागतं आणि पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही.

आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रींचा थंड प्लगवर राग आहे, तो लेडच्या, म्हणजे शिसं घातलेल्या, पेट्रोलमुळे. देशभर लेडयुक्त पेट्रोल बंद झालं ते फेब्रुवारी २००० मध्ये. तोवर मारुती ८०० किंवा एस्टीमला मोठा कार्ब्युरेटर बसवून हौस करणाऱ्यांना प्लग वितळण्यापेक्षा काळा पडण्याचीच भीती जास्त. चोक, जादा पेट्रोल आणि वर लेडचा थर. अशा गाडीला थंड प्लग लावणं म्हणजे दर आठवड्याला वायर ब्रश हातात घेणं. त्याच काळात टू-स्ट्रोक पळवणारी मुलं मात्र थंड प्लगांची भक्त होती, आणि त्यांच्यापुरतं ते बरोबर होतं. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेऱ्याला ठिणगी पडते, प्लगला उसंतच नसते. पुढे हीच मुलं चारचाकींकडे वळली आणि नियमही सोबत घेऊन आली.

त्यात आकड्यांचा घोळ. जपानी प्लगवर आकडा वाढला की प्लग थंड होतो. आजच्या जर्मन प्लगवर आकडा वाढला की गरम. त्याच जर्मन प्लगांची जुनी पद्धत याच्याही उलट होती: १४५ गरम, १७५ मधला, २२५ थंड. दुकानातल्या जुन्या तक्त्यांवर हे तिन्ही आकडे शेजारीशेजारी दिसायचे. जपानी ६ म्हणजे ढोबळमानाने जर्मन ७. म्हणजे ‘सहावरून सातवर जा’ असं ऐकून कुणी जर्मन ७ आणला तर त्याने पैसे देऊन होता तोच टप्पा घेतला. आणखी हुशारी करून ८ आणला तर तो गरम. ‘थंड प्लगने फरक पडला नाही’ किंवा ‘थंड प्लग टाकला आणि इंजिन बसलं’ या गोष्टींपैकी कितीतरी इथेच जन्मल्या असाव्यात.

खरा वाद पेटला तो २०१३ नंतर, छोटी टर्बो-पेट्रोल इंजिनं आवाक्यात आली आणि रिमॅप होऊ लागले तेव्हा. प्लग बनवणाऱ्यांचाच एक ठोकताळा आहे: ७५ ते १०० अश्वशक्ती वाढली की एक टप्पा थंड. ११० ची गाडी रिमॅपने १४० वर गेली तर वाढ ३० चीच, मग टप्पा कशाला, असा एक पक्ष. पण ठोकताळा किती सिलिंडर ते सांगत नाही. आठ सिलिंडरांत ७५ ते १०० वाटले तर वाट्याला येतात ९ ते १२. तीन सिलिंडरांत ३० वाटले तर १०. म्हणजे टप्पा बदला म्हणणारा दुसरा पक्षही खोटा नाही. एका टप्प्याने टोकाचं तापमान ७० ते १०० अंशांनी बदलतं, त्यामुळे चुकीची किंमत दोन्हीकडे आहे.

निकाल गाडी कुठे पळते यावर लागायला हवा. मे महिन्यात, चाळिशीपार उन्हात, हैदराबाद रस्त्यावर तासन्‌तास बूस्टवर (टर्बोच्या दाबावर) राहणाऱ्या गाडीला एक टप्पा थंड हवाच. नवी पेठ ते सात रस्ता एवढंच फिरणाऱ्या गाडीला तो नुसता शोभेचा. नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून होणारी ठकठक) थांबवायला थंड प्लग टाकणं तर सरळ चुकीचं. त्यासाठी ठिणगीचं टायमिंग आणि पेट्रोल बघावं लागतं. इरिडियम धातूच्या टोकाचा प्लग लावल्याने हीट रेंज बदलत नाही, हेही सांगावं लागतं. बूस्ट वाढवल्यावर ठिणगी विझत असेल तर बहुतेकदा आधी इलेक्ट्रोडमधला गॅप कमी करून पाहावा.

आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं आहे, आणि ते इथेनॉल याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांतूनही निघतं. त्याचा ऑक्टेन (नॉकिंग टाळण्याची क्षमता) चांगला, सिलिंडर थंड ठेवण्याचा गुणही आहे. पण तापलेल्या टोकावर ते पेट्रोलपेक्षा सहज पेटतं. शिवाय इन्सुलेटर फिकटच राहतो, त्यामुळे कॉफीसारखा रंग बघून निदान करण्याची जुनी सवय फसवते. हल्लीचे ट्यूनर म्हणून बाजूच्या इलेक्ट्रोडवरची रंग बदलल्याची खूण बघतात. ती टोकाशीच थांबली तर प्लग बहुधा गरजेपेक्षा थंड, बुडाकडे सरकली तर गरम. मात्र टायमिंग पुढे घेतलं, म्हणजे ठिणगी लवकर पाडली, तरी ती खूण सरकते, तेव्हा आधी मॅप पक्का करायचा आणि मगच प्लग काढून बघायचा.