रहाडीतला पळस

रंगपंचमीला जुन्या नाशकातल्या रहाडी उघडतात. पेशवेकाळापासूनचे मानले जाणारे हे हौद वर्षभर झाकलेले असतात. त्या दिवशी पूजा होते, रंगाचं पाणी भरतात आणि मग धप्प्यांवर धप्पे, म्हणजे हौदात धपाधप उड्या! प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. त्यातला पिवळा-केशरी फुलं उकळून काढायची जुनी रीत, आणि ते काम पळसाचं.

जपानात लोक साकुराखाली, म्हणजे चेरीच्या झाडाखाली बसून बहर पाहतात. आपण बहरात उडीच मारतो.

दोन्ही झाडं पानांच्या आधी फुलतात, कारणं मात्र वेगळी. साकुराच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होऊन झोपी जातात. पुरेशी थंडी खाल्ल्याशिवाय त्या जाग्या होत नाहीत, आणि मग ऊब मिळाली की उमलतात. क्योतोत या बहराच्या नोंदी 812 सालापासून सापडतात. 2021मध्ये ऐन बहर 26 मार्चला आला, तोवरच्या नोंदींत सर्वांत लवकर. पळसाच्या पहिल्या फुलाची तारीख आपणही दरवर्षी लिहून ठेवायला हवी, असं मला फार वाटतं.

पळसाला अडचण कोरड्या दिवसांची. पानं गळली की त्यांतून उडून जाणारं पाणी वाचतं आणि ते कळ्यांच्या कामी येतं. शिवाय उघड्या फांद्यांवरची केशरी फुलं पाखरांना लांबूनच दिसतात. एक फूल हातात घेऊन पाहा. खाली काळपट मखमली वाटी, वर पोपटाच्या चोचीसारखी वळलेली पाकळी. संस्कृतात म्हणूनच ‘किंशुक’, म्हणजे ‘हा पोपट तर नव्हे?’ ही चोच हलकेच दाबली की आतले पुंकेसर बाहेर डोकावतात. मधासाठी आलेल्या शिंजिर या चिमुकल्या पक्ष्याला पराग चिकटतात ते असेच. खारीसुद्धा या कामात हातभार लावतात.

रंगाचं मूळ ब्युट्रिन आणि आयसोब्युट्रिन या द्रव्यांत आहे. ब्युट्रिन जवळपास रंगहीन, आयसोब्युट्रिन पिवळं. आम्लारी मिळाली की ब्युट्रिनच्या रेणूतलं एक कडं उघडतं आणि रंग गडद होतो. घरी वाटीभर काढ्यात चिमूटभर खायचा चुना घालून पाहा, पिवळ्याचा नारिंगी होईल. रहाडीतून भिजून आल्यावर सदऱ्यावर धुण्याचा साबण फिरवला तरी हाच बदल दिसतो, कारण साबणही आम्लारीधर्मी. तिथेच लिंबू पिळलं, की डाग पुन्हा पिवळा.