सुप्रमा

सुप्रमा म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. सरकारी बांधकामाचा खर्च मूळ मंजुरीच्या पुढे गेला की वाढीव रकमेला शासनाकडून नव्याने घ्यावी लागणारी मंजुरी. शब्द जलसंपदा खात्याच्या टिपणीतला, पण खानदेशात तो शेतकऱ्यांच्याही तोंडी बसला आहे.

अमळनेर तालुक्यातला निम्न तापी प्रकल्प, लोकांच्या भाषेत पाडळसरे धरण, हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. १९९७ मध्ये त्याला सुमारे १४२ कोटी रुपयांची मान्यता मिळाली. चौथ्या सुप्रमेत आकडा सुमारे ४,८९० कोटींवर गेला. एवढी वाढ पाहिली की गैरव्यवहाराचा संशय येतो, आणि राज्यातल्या सिंचन खर्चाच्या चौकशीसाठी माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष पथकही नेमले गेले होते. तरीही वाढीचा मोठा भाग उघड कारणांचा असतो: नवी दरसूची (कामांचे सरकारी दर), बदललेले संकल्पचित्र (बांधकामाचा आराखडा), भूसंपादनाचा मोबदला, आणि काम लांबले की चढत जाणारा आस्थापना खर्च, म्हणजे कर्मचारी आणि कार्यालयांचा खर्च. या सगळ्यांच्या मुळाशी निधीची विभागणी आहे. उपलब्ध पैसा अनेक प्रकल्पांत थोडाथोडा वाटला जातो. एखाद्या धरणाला वर्षभरात मिळालेली रक्कम त्या वर्षीच्या भाववाढीपेक्षा कमी असेल, तर काम चालू असूनही उरलेला खर्च वाढतच जातो. त्यात तापीच्या पात्रातले काम पूर ओसरल्यापासून पुढच्या मृगापर्यंतच करता येते. निधी मार्चअखेर हाती आला, तर त्या हंगामाचे जेमतेम दोन महिने उरतात.

जमिनीचा प्रश्न याहून अवघड. भिंतीला जागा थोडी लागते, म्हणून भिंत आधी उभी राहते आणि बुडीत गावांचे पुनर्वसन मागे पडते. गाव हलल्याशिवाय घळभरणी करून, म्हणजे नदीपात्रातला भिंतीचा मोकळा ठेवलेला भाग बंद करून, पूर्ण साठा करता येत नाही. १ जानेवारी २०१४ पासून नवा भूसंपादन कायदा लागू झाला आणि मोबदला वाढला. ही वाढ न्याय्यच होती. ज्यांनी जमिनी वेळेत ताब्यात घेतल्या नाहीत, त्या यंत्रणेला ती महाग पडली. नंदुरबार जिल्ह्याने गुजरातेतल्या उकाई धरणाचे बुडीत पाहिले आहे, आणि सरदार सरोवरात अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे बाधित झाली. नुसत्या आश्वासनावर इथे कुणी घर सोडत नाही, आणि सोडूही नये.

नंदुरबार जिल्ह्यातल्या प्रकाशा आणि सारंगखेडा बॅरेजची, म्हणजे दरवाजे असलेल्या बंधाऱ्यांची, गोष्ट वेगळी. तिथे तापीचे पाणी अडले, पण ते शेतापर्यंत उचलून नेणाऱ्या सहकारी उपसा योजना वर्षानुवर्षे बंद होत्या. त्यांच्या दुरुस्तीसाठी शासनाला पुन्हा वेगळा निधी मंजूर करावा लागला.