मतं तीच, विजेता वेगळा

निवडणुकीचा निकाल लागला की ‘जनतेने कौल दिला’ असं आपण सहज म्हणून जातो. जणू तो कौल आधीच कुठेतरी ठरलेला होता, फक्त मोजायचा राहिला होता. हे तितकं सरळ नाही.

समजा, १०० मतदार आहेत आणि क, ख, ग असे तीन उमेदवार. ४० जणांचा पसंतीक्रम क, ख, ग. ३५ जणांचा ग, ख, क. उरलेल्या २५ जणांचा ख, ग, क. ज्याला पहिल्या पसंतीची जास्त मतं तो विजयी, असं ठरवलं तर क निवडून येतो. पहिल्या पसंतीची सर्वांत कमी मतं मिळालेल्या उमेदवाराला वगळून उरलेल्या दोघांत फेरी घेतली, तर ख बाद होतो, त्याचे २५ मतदार ग कडे वळतात आणि ग ६०–४० ने जिंकतो. दोघादोघांच्या थेट लढती लावल्या, तर ख दोघांनाही हरवतो: क ला ६०–४०, ग ला ६५–३५. एकाही मतदाराचं मन बदललेलं नाही, तरी तीन पद्धतींनी तीन विजेते!

हे फक्त कागदावरचं गणित नाही. अमेरिकेतल्या बर्लिंग्टन शहरात २००९ साली महापौरपदाच्या निवडणुकीत जवळपास हेच घडलं. तिथे सर्वांत कमी मतांच्या उमेदवाराला वगळत जाण्याची पद्धत होती; पुढच्याच वर्षी नागरिकांनी मतदान करून ती रद्द केली.

थेट लढतींचा निकष मांडला तो फ्रेंच गणितज्ञ आणि तत्त्वचिंतक काँदोर्सेने, १७८५ साली. त्यातली मेखही त्यानेच दाखवली. कधी कधी क हा ख ला हरवतो, ख हा ग ला आणि ग पुन्हा क ला. मग विजेता कोण?

१९५१ मध्ये अमेरिकन अर्थतज्ज्ञ केनेथ ॲरो यांनी याहून मोठा धक्का दिला. पर्याय तीन किंवा अधिक असतील, तर पसंतीक्रमांवरून सामूहिक क्रम ठरवणारी कोणतीही पद्धत काही अगदी साध्या अटी एकाच वेळी पाळू शकत नाही, हे त्यांनी सिद्ध केलं. एका माणसाची मर्जी सगळ्यांवर लादली जाऊ नये, ही त्यातलीच एक अट.

मग कोणती अट सोडायची? गणित इथे हात टेकतं, कारण हा प्रश्न न्यायाचा आहे. कट्टर समर्थकांचा मोठा गट महत्त्वाचा, की बहुतेकांना चालेल असा उमेदवार? अमर्त्य सेन यांनी पुढे दाखवलं की केवळ पसंतीक्रमावर न थांबता कोणाची स्थिती किती वाईट आहे याचीही तुलना होऊ दिली, तर ॲरोंच्या कोंडीतून वाट निघते. पण कोणाचं दुःख किती मोजायचं, हेही माणसांनाच वाद घालून ठरवावं लागतं. माझ्या मते हा वाद निवडणुकीचे नियम ठरतानाच व्हायला हवा, निकालानंतर नाही.